बाळूचे शब्द

॥ श्री ॥

नाशिक
२ सप्टेंबर १९९१

ती. आशाताईस,
धाकट्या धर्मराजाचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष अशी, की पुढचं वाचण्याआधी खुर्चीत नीट बस.

तुझ्या भावाची कॅसेट निघाली! बँकेच्या स्नेहसंमेलनात मी जो एकपात्री कार्यक्रम करतो, तो एका कॅसेटवाल्यांनी ऐकला आणि थेट ध्वनिमुद्रणालाच बोलावलं. नाव आहे 'आमच्या घरची भाषा'. वर माझा फोटो आहे, त्यात मी जरा जाड दिसतो. तो दोष नीता माझा मानते आणि मी फोटोग्राफरचा. नावावरून तुझ्या लक्षात आलंच असेल. डुंबाकू, हापटूल, सगळे आपले शब्द आहेत. लोक खुर्चीवरून खाली पडायचे बाकी राहतात.

तुझ्याकडे टेपरेकॉर्डर नाही, हे माहीत आहे. म्हणून गल्लीतल्या शिवाला एक कॅसेट परस्पर पाठवली आहे. मंडळाचा लाउडस्पीकर त्याच्याच ताब्यात असतो. यंदा गणपतीत आरतीनंतर लावीन म्हणाला आहे. बाळूला आधी काही सांगू नकोस. भोंग्यातून धम्माचा आवाज आला की तो कसा नाचतो बघ, आणि मला सविस्तर कळव.

नीता आणि आभा मजेत. आभाला गणितात पैकीच्या पैकी, म्हणजे ती नक्की आईवर गेली आहे. बाळूचा डोकुंबा पत्राखाली नेहमीसारखा पाठव. मागच्या आंतर्देशीय पत्रावर त्याने कपाळ इतकं जोरात टेकलं होतं, की तेलाचा डाग पाहून पोस्टमनने पत्रातून भजी आली का विचारलं. आभाने तो डाग आपल्या कपाळाला लावला, मग मी, मग नीताने. आम्हा तिघांना डोकुंबा पोचला.

लोभ आहे तेवढा पुरत नाही, थोडा वाढवावा.

तुझा,
धर्मा


॥ श्री ॥

पनवेल
२४ सप्टेंबर १९९१

चि. धर्मराजास,
आशीर्वाद. अनेक लिहायची पद्धत आहे, आज एकच पुरे.

सविस्तर कळव म्हणालास ना? मग कळवते.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी आरती झाली आणि शिवाने तुझी कॅसेट लावली. बिचाऱ्याला केवढं कौतुक, आपल्या गल्लीतला कलाकार म्हणून! बाळू घरात कपड्यांच्या घड्या घालत बसला होता. तुझा आवाज ऐकला आणि हातातली चादर टाकून धम्मा, धम्मा करत अनवाणी धावला. त्याला वाटलं, तू आलास. मांडवात त्याने तुला शोधलं, धर्मा. पडद्यामागे पाहिलं, टेबलाखालचं कापड उचलून पाहिलं. लोक आधी कॅसेटला हसत होते, मग त्याला हसायला लागले.

तेवढ्यात तू भोंग्यातून हापटूल म्हणालास आणि पुढे ते कुंथल्याचे आवाज काढलेस. बाळूला वाटलं, तू त्यालाच विचारतोयस, जायचंय का म्हणून. लहानपणी तूच विचारायचास. त्याने भोंग्याकडे तोंड करून, मोठ्याने, नाही म्हणून उत्तर दिलं. मांडव खदाखदा हसला. मी पोचले, तेव्हा तो भोंग्याला कपाळ टेकायला खांबावर चढू बघत होता. तुला डोकुंबा द्यायला. मी त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढला आणि वर तुझं चालूच होतं, की आमच्या घरी एक ध्यान आहे आणि ही सगळी त्याची भाषा.

ध्यान! नाव घेतलं नाहीस, एवढाच काय तो उपकार. आख्ख्या पनवेलात कोणाला कळायचं राहिलंय?

आणि हुमई. तो शब्द तू घेतलास कसा, हे मला अजून समजत नाही. आईला पोचवून तू घरी परतलास, तेव्हा बाळू तिच्या रिकाम्या कॉटला पाठ लावून बसला होता. तू, मी आणि तो, तिघंच होतो घरात. दिवसभरात एवढं एकच बोलला तो, हुमई. आपल्याला अर्थ विचारावा लागला नाही. माणूस गेलं की मागे जे उरतं, ते. पुढे तू नाशिकला परत निघालास की बाळू दारात उभा राहून तेच म्हणायचा आणि तू रिक्षात तोंड फिरवून डोळे पुसायचास, मी पाहिलंय. त्याच शब्दावर तू विनोद केलास, की सासूबाई एकदाच्या गाडीत बसल्या आणि आम्हाला हुमई आली. मग टाळ्या.

आता पुढचं ऐक. दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याच्यामागे डुंबाकू म्हणून ओरडत पळतात. पोरांचं मी समजू शकते. पण स्टँडवर कर्ते पुरुष त्याला थांबवून हापटूल का म्हणून विचारतात आणि एकमेकांना टाळ्या देतात. करंजाड्याची भीमाबाई भाजीची पाटी घेऊन बसते, तिच्याशी रोज त्याच्या गप्पा चालायच्या. परवा ती मला म्हणाली, बाय, तुमचा बाळू बोलत नाय, त्याला कोनी मारला का. काय सांगू मी तिला? त्याच्या भावाने मारलं म्हणून?

कारण बाळू बोलत नाही, धर्मा. त्या दिवसापासून एक शब्द नाही. तुझ्यासाठी ते शब्द गंमत असतील, त्याच्याकडे दुसरे आहेतच कुठे? जेवढे शब्द, तेवढाच तो जगाशी बोलू शकत होता. हापटूल म्हणायची लाज वाटते म्हणून तो कळ दाबून बसतो. गेल्या आठवड्यात दोनदा अंथरूण ओलं झालं. चौतीस वर्षांचा माणूस पहाटे उठून आपली चादर आपणच धूत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. ती चादर बघायला तुझ्या प्रेक्षकांना बोलव.

ती कॅसेट बंद कर. कशी करायची ते तुझं तू बघ.

खाली तेलाचा डाग शोधू नकोस. पत्र पुढे केलं, तर त्याने कपाळावर हात धरला.

लोभ होता, सध्या फडताळात ठेवलाय.

आशाताई


॥ श्री ॥

नाशिक
१ ऑक्टोबर १९९१

ती. ताईस,
नमस्कार. साष्टांग घालायला आज कंबर वाकत नाही. विनंती काही नाही, विशेष मात्र आहे.

तुझं पत्र वाचलं. बाळूचं वाचून वाईट वाटलं, हे सांगायला लागावं इतका मी परका झालो असेन, तर तसं स्पष्ट लिही. तो मांडवात धावला, लोक हसले, यात माझा हेतू काय होता, ते आधीच्या पत्रात मी स्वतः लिहिलं होतं. त्याला आनंद व्हावा, एवढाच. भोंग्यातला माणूस भोंग्यात नसतो हे त्याला कळणार नाही, असं तुला आधी वाटलं होतं का? मग तेव्हाच का नाही कळवलंस?

आणि हे शब्द एकट्या बाळूचे कधीपासून झाले? डुंबाकू हा आवाज त्याचा, मान्य. पण उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्याला तो चिकटवला आप्पांनी. त्यांच्या ऑफिसातले ते गृहस्थ रविवारी चहाला येऊन जेवूनच जायचे, तेव्हा आप्पा आतल्या खोलीत येऊन हळूच डुंबाकू म्हणायचे आणि आपण उशीत तोंड खुपसून हसायचो. तूसुद्धा हसायचीस. शाळेत शिकवतेस, तेव्हा मास्तरीणबाई होऊन विसरली असशील. आपण सगळे ती भाषा बोललो. मी नाशिकला आलो, तेव्हा घर तुझ्याकडे राहिलं, बाळू तुझ्याकडे राहिला, आईची भांडी तुझ्याकडे राहिली. माझ्याबरोबर काय आलं? एवढे शब्द. नीताला मी ते शिकवले. आभा तेच बोलत मोठी झाली. दिवसभर काउंटरवर लोकांची तोंडं बघून घरी आलो की या शब्दांनी मी माणसात येतो. ते माझेही आहेत आणि मी ते पुन्हा बोलीन.

ध्यान म्हणालो. आईसुद्धा त्याला लाडाने ध्यान म्हणायची. निदान मी त्याच्याबद्दल चारचौघांत बोललो. तू लग्नाकार्यात त्याला मागच्या रांगेत भिंतीला टेकवून बसवतेस आणि कोणी विचारलं तर विषय बदलतेस. लाज नक्की कोणी वाटून घेतली, याचा विचार कर.

कॅसेट बंद करणं माझ्या हातात नाही. डिसेंबरात दुसऱ्या भागाचं ध्वनिमुद्रण आहे. तुला एवढंच झोंबत असेल, तर त्यात मी नवे शब्द घालीन. मलाही डोकं आहे.

लोभाचं तुझं तू ठरव.

धर्मराज


॥ श्री ॥

नाशिक
११ ऑक्टोबर १९९१

ती. आशाताईंना,
नीताचा नमस्कार. घटस्थापना झाली, माळा चढतायत, बाकी घरात सणाचं काही नाही.

ह्यांनी तुम्हाला जे पत्र टाकलं, ते टाकल्यावर मला वाचून दाखवलं. आधी दाखवलं असतं, तर मी पेटीपर्यंत जाऊ दिलं नसतं. तुम्ही बाळूभावजींना मागे बसवता ते का, हे मला माहीत आहे. आमच्या लग्नात त्यांना पुढे बसवलं होतं आणि आमच्याकडच्या पोरांनी त्यांच्या टोपीत अक्षता भरल्या, तेव्हा यापुढे त्यांना कोणाच्या हाताला लागेल असं बसवणार नाही, असं तुम्ही म्हणालात, तेही मी ऐकलं होतं. ह्यांनीही ऐकलं होतं. मी हे सगळं तोंडावर सांगितलं आणि तीन दिवस आमच्यात अबोला होता. मी समजूत घालायला लिहीत नाही, ताई. मला राग आला आहे आणि तो तुमच्याइतकाच खरा आहे.

तरी एक सांगते. रोज संध्याकाळी हे आरशासमोर बसून दुसऱ्या भागासाठी शब्द बनवतात. ढिंपळू, गट्टमगोळी, असले काहीतरी. बोलून बघतात, स्वतःच तोंड वाकडं करतात आणि खोडतात. काल मला विचारलं, यात काय कमी पडतंय. मी म्हटलं, हे शब्द कशालाच नाहीत. बाळूभावजींना काहीतरी व्हायचं, पोटात, छातीत, आणि त्याला नाव नसायचं, म्हणून शब्द यायचा. तुम्हाला नुसता शब्द हवाय. त्यावर हे उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले, जेवायलाही आले नाहीत.

भाऊबीजेला त्यांना पाठवते. मी आणि आभा येणार नाही, नाहीतर हे आमच्या आड लपतील. ओवाळायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. दार मात्र उघडा.

आमच्यावर माया आहे ती राहू द्या.

तुमची,
नीता


॥ श्री ॥

नाशिक
१२ नोव्हेंबर १९९१

ती. आशाताईस,
साष्टांग नमस्कार, पूर्ण.

तू ओवाळलंस, पण निरांजनाकडे बघत. पानात करंजी वाढलीस आणि आत निघून गेलीस. मी ठरवून आलो होतो ते सगळं बोलणं तसंच परत आणलं. तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हा काय झालं, ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

बाळू खिडकीशी बसला होता. मला पाहून हसला, ताई. तो माझ्यावर रागावला असता तर फार बरं झालं असतं. मी जवळ जाऊन बसलो, कपाळ पुढे केलं आणि म्हणालो, डोकुंबा. त्याने चटकन आपला तळवा माझ्या तोंडावर ठेवला. डब्याचं झाकण लावावं तसा, घट्ट. आणि माझ्याकडे नाही, दाराकडे बघत राहिला, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. तेलाचा वास येत होता हाताला. मी बोलायचा प्रयत्न केला की तो हात आणखी दाबायचा. मला वाचवत होता तो! त्याला वाटतंय, हे शब्द बोलले की लोक हसतात, मारल्यासारखे हसतात, आणि ते आता मला हसतील.

परत येताना कसाऱ्यापर्यंत मी शुद्धीवर नव्हतो.

दुसरा भाग मी रद्द केला. कॅसेटवाल्यांना पहिलाही मागे घ्या म्हणून भेटून सांगितलं. ते म्हणाले, दुकानादुकानात गेलेला माल आम्ही कुठून गोळा करणार, आणि लोक घरी त्याच्या प्रती काढून वाटतात त्याचं काय. खरं आहे. परवा आमच्या बँकेतल्या शिपायाच्या मुलाने मला डुंबाकू म्हणून दाखवलं, आणि मी त्याला हसून शाबासकी द्यावी म्हणून तो वाट बघत उभा होता. मी तिथून निघून गेलो.

मागच्या पत्रात जे लिहिलं, त्यातलं मागच्या रांगेबद्दलचं वाक्य फाडून टाक. बाकीचं ठेव, ते माझ्यावर ठेवायलाच हवं. मी आता काय करू ते सांग. तू सांगशील ते करीन.

पत्राखाली नेहमीसारखा बाळूचा डोकुंबा मागायला हात गेला होता. तो मी आता मागू शकत नाही.

लोभ मागण्याची पात्रता नाही, तरी मागतो.

धर्मा


॥ श्री ॥

पनवेल
२५ जानेवारी १९९२

चि. धर्मराजास,
आशीर्वाद. संक्रांत झाली, तिळगूळ सोबत नाही. गोड बोलणं मला अजून जमत नाही, तेव्हा उगाच पोस्टाने खोटेपणा नको.

दोन महिने उत्तर दिलं नाही, कारण लिहायला बसले की फक्त शिव्या सुचत होत्या. तू काय करू म्हणून विचारलंस, हेही मला रुचलं नाही. करायच्या आधी विचारलं असतंस, तर हा कागद वाचला असता. असो. शिवाने कॅसेट स्वतःहून मोडली आणि मला आणून दाखवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तुझ्यापेक्षा आधी.

आता बाळूचं. संक्रांतीला आपल्याकडे हळदीकुंकू होतं. बायका आल्या, वाण घेतलं आणि बसल्या त्या बसल्याच. तू म्हणतोस तसे आप्पांचे पाहुणे परवडले. पूर्वी बाळूने केव्हाच खणखणीत आवाजात डुंबाकू म्हटलं असतं. बायकांनाही ते माहीत होतं, त्या त्यासाठीच थांबल्या होत्या. एकमेकींना कोपरं मारत होत्या. एकीने तर तोंड उघडून त्याला सांगितलं, बाळू, म्हणून दाखव की ते कॅसेटमधलं. मी हातातलं तबक आपटलं आणि तिला सांगितलं, की तुझं हळदीकुंकू झालं, चप्पल बाहेर आहे. आता गल्लीत माझं नाव खाष्ट म्हणून झालं आहे. होऊ दे.

त्या गेल्यावर बाळू उठला. पुढचं दार लावलं, कडी घातली. मग रस्त्यावरची खिडकी लावली. मग मागची. पडदा ओढला. माझ्याजवळ आला, माझा कान हाताने धरला आणि त्यात एक शब्द बोलला.

नवा शब्द, धर्मा. चार महिन्यांनी. कोणासाठी आणि कशासाठी, ते मला त्याच क्षणी कळलं आणि मी इतकी हसले, की शेवटी रडायलाच लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मोरीत जायचं होतं, तेव्हा तेच, दोन्ही खिडक्या लावल्या आणि कानात सांगितलं. तोही नवा. चादरी आता कोरड्या आहेत. जुने शब्द त्याने टाकून दिले, एकही नाही म्हणत. बाजारात भीमाबाईपुढे अजून गप्पच असतो. ती त्याच्या हातात एखादं तोंडलं ठेवते आणि तीही गप्प बसते.

तेव्हा आनंदाची बातमी आहे, आणि तरी मला तुझा राग येतो. आधीपेक्षा जास्त येतो. चौतीस वर्षांत त्याने कधी कडी लावली नव्हती. आंघोळ करतानाही नाही. मनात आलं की म्हणून टाकायचा, रस्त्यावर, देवळात, आप्पांच्या साहेबांसमोर. त्याला खिडकी लावायला तू शिकवलंस. चैत्रात घरात जीव उकडेल तेव्हाही तो ती लावणार आहे, आणि मी त्याला नको म्हणू शकणार नाही.

नवे शब्द मी तुला सांगणार नाही. इथे लिहिणार नाही, नीताला नाही, आभाला नाही. ते माझेसुद्धा नाहीत.

काय करू विचारलंस, तर ये. सुट्टीच्या दिवशी ये आणि बोलू नकोस. त्याच्या शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घाल. चादर त्याच्या पद्धतीने घालायची, चार टोकं जुळेपर्यंत उठायचं नाही. मग कधीतरी तो उठेल आणि खिडकी लावायला जाईल. त्याआधी त्याने तुला दाराबाहेर काढलं, तर मुकाट बाहेर पायरीवर बस. काढलं नाही आणि आत राहू दिलं, तर कान दे आणि तिथेच विसर. किती खेपा लागतील, ते मला विचारू नकोस.

हे पत्र नेहमीच्या निळ्या आंतर्देशीयवर लिहिलं होतं. बाळूपुढे धरलं, कपाळ टेकतोस का म्हणून. त्याने ते मिटून उन्हाकडे धरलं, कडेच्या फटीला डोळा लावून आत काय दिसतं ते पाहिलं आणि नकारार्थी मान हलवून मला परत दिलं. मग कपाटातून जाड पाकीट आणि डिंकाची बाटली घेऊन आला. म्हणून सगळं पुन्हा कागदावर उतरवलं. तो समोरच उभा आहे, माझं लिहून संपायची वाट बघत. पाकीट तोच चिकटवणार आहे. उघडताना जपून उघड.

लोभाचं मला विचारू नकोस, त्याला विचार.

आशाताई